झिमाईच्या नऊ ओंजळी

आमच्या आजोबांच्या आजोबांना दुधाचे दात होते, तेव्हाची ही गोष्ट. त्याहून जुनी असेल, नवी मात्र नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, मध्येच कुणी "खरंच का हो?" असं विचारायचं नाही. मी काही तिथं नव्हतो. मला जशी सांगितली तशी मी सांगतो. पदरचं फार थोडं घालतो.

हे आपलं आडवळचं खोरं. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला उतार, आणि डोंगरांवरून खाली येणारे नऊ ओहळ. त्या काळी इथं एक रीत होती. कुणाच्या घरी पोरं जगत नसली की पुढच्या पोराचं नाव दगडू ठेवतात, धोंडू ठेवतात, ठाऊक आहे ना? दृष्ट लागू नये म्हणून. तसंच आडवळकरांनी आपल्या ओहळांना आणि डोंगरांना दोन दोन नावं ठेवली होती. एक आतलं आणि एक वरचं. आतलं नाव खरं. पाणी कुठून येतं, कुठं लपतं, डोंगरावर काय मिळतं, कशापासून जपायचं, सगळं त्या नावात. वरचं नाव परक्या माणसासाठी, आणि ते जितकं ओंगळ तितकं चांगलं.

आता परका कोण आणि आपला कोण, हे कसं ठरवायचं? त्याचाही नेम होता. नऊ ओहळ, नऊ घरं. ज्या घरानं ज्या ओहळाचं नाव राखलं, त्या घरच्या माणसानं पाहुण्याला ओहळावर न्यायचं आणि आपल्या ओंजळीनं पाणी पाजायचं. प्यायला तो आपला, त्याला आतलं नाव सांगायचं. नाही प्यायला तर वरचं नाव सांगून वाटेला लावायचं. बस, एवढंच.

या खोऱ्यात झिमाबाई राहायची. पुढं तिला सगळे झिमाई म्हणायला लागले, पण तेव्हा ती तीस-बत्तिशीची असेल. हिरडा गोळा करायची. हिरड्यासाठी रानोमाळ हिंडायला लागतं, त्यामुळे तिला प्रत्येक पायवाट ठाऊक. खोऱ्यातल्या आठ ओहळांचं पाणी ती आठ घरांच्या ओंजळीनं प्यायलेली होती. नववा तेवढा राहिला होता, कारण तो धावजीबाबाच्या घराचा आणि धावजीबाबा भारी चिक्कट माणूस. बाकी बाईची जीभ म्हणजे काय सांगू! नुसता विळा. ती बोलायला लागली की म्हशी रवंथ थांबवून ऐकायच्या, असं म्हणतात.

एकदा संस्थानाचा मोजणी कारकून खोऱ्यात आला. त्याचं नाव रंगोपंत. डोक्यावर पगडी, काखेत छत्री, तट्टावर साखळी आणि कागदांचं बाड. माणूस गोलमटोल, घामाघूम, पण कामाचा पक्का. त्याला एक खोड होती. नुसतं नाव लिहून त्याचं भागायचं नाही. नावापुढं अर्थ लिहिल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. राजेसाहेबांना साऱ्या मुलखाची नावनिशी हवी होती, आणि रंगोपंत ती मनापासून लिहीत होता.

त्याला वाट दाखवायला गावानं कुणाला दिलं? अर्थात झिमाबाईला. तिनं पहिल्यांदा त्याला आपल्या घरच्या ओहळावर नेलं, आणि रीतीप्रमाणं ओंजळ भरून पुढं केली. "प्या, पंत."

रंगोपंत दोन पावलं मागं सरला. त्या काळी कारकुनाच्या घरातला माणूस डोंगरकोळ्याच्या हातचं पाणी पीत नसे. "नको नको, माझा तांब्या आहे," तो म्हणाला.

"बरं," असं म्हणून झिमाबाईनं ओंजळ खाली सोडली.

"या ओहळाचं नाव काय?"

"आटकी."

"अर्थ?"

"दिवाळी सरली का पानी आटतं. मंग थेंब न्हाई."

रंगोपंतानं लिहून घेतलं. पुढचा ओहळ? "खरजी. अंगाला लागलं का खाज सुटती." पलीकडचा डोंगर? "सापवाडा. दगड उचलला का नाग." वरचा माळ? "उपाशी माळ. तिथं नेलेली गुरं माघारी येत न्हाईत, पंत, निस्ती शिंगं येत्यात." झिमाबाईला असा काही हुरूप आला म्हणता! नावावर नाव, अर्थावर अर्थ. धावजीबाबाच्या ओहळाचं तिला काही ठाऊकच नव्हतं, तर तिनं ठोकून दिलं, "ही मुकी. हितलं प्यालं का वाचा जाती." रंगोपंत हळहळत, मान हलवत लिहीत गेला. सात दिवसांत बाड भरलं. तो खोऱ्याबाहेर पडल्यावर खोऱ्यातल्या पाचही वाड्यांनी त्याची अशी टर उडवली की हसून हसून लोकांची पोटं दुखली.

हसा, तुम्हीही हसून घ्या. कारण पुढचा चैत्र सरता सरता दवंडी आली.

राजेसाहेब होते मोठे दयाळू. त्यांनी रंगोपंतांचं बाड वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ओहळ आटलेले, पाणी खाजरं, डोंगरावर साप, माळावर उपासमार! अशा जागी आपली रयत राहते? तर हुकूम निघाला की, आडवळच्या सगळ्या लोकांना पावसाआधी तिथून उठवून दूर सपाटीवर वसवावं, आणि रिकामं खोरं शिकारीसाठी राखावं. वैशाखी पौर्णिमेला दिवाणसाहेब स्वतः येतील, खोरं डोळ्यांखालून घालतील आणि गाड्या भरायला लावतील.

दवंडी देणारा गेला. मग एकेक मान वळली आणि सगळे झिमाबाईकडं पाहायला लागले. रीत सगळ्यांची होती, हसले सगळे होते, पण जीभ तिची होती. खोरं जाणार होतं ते तिच्या तोंडच्या नावांनी.

ती घरात गेली, दोन भाकरी फडक्यात बांधल्या आणि चालायला लागली. राजधानी तीन दिवसांच्या वाटेवर. झिमाबाई दीड दिवसात पोचली. तिच्या पायांखालची वाट त्या दिवशी आपणहून आखडली, असं म्हणतात.

रंगोपंत कचेरीत लेखणी तासत बसला होता. झिमाबाई त्याच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "पंत, म्या सांगितलं ते समदं खोटं हुतं."

रंगोपंताच्या हातातली लेखणी मोडली. "सगळं?"

"समदं. पर निस्ती चेष्टा नव्हती. तुमी पानी प्याला न्हाईत, मंग खरं नाव सांगायचं कसं?" आणि तिनं त्याला सगळी रीत सांगितली.

रंगोपंतानं कपाळाला हात लावला. खोटा कागद सरकारात गेला म्हणजे त्याचीही अब्रू गेलीच. पण त्याला जास्त लागलं ते दुसरंच. आयुष्यभर त्यानं गावोगावची नावं लिहिली होती, आणि कुठल्या कुठल्या गावानं आपल्याला असंच वाटेला लावलं असेल, हे त्याला त्या क्षणी कळेना. शेवटी तो उठला. "बाई, सरकारी कागद नुसता नाही म्हटल्यानं खोडता येत नाही. ओहळाचं खरं नाव हवं, अर्थ हवा, आणि तो अर्थ दिवाणसाहेबांना जागेवर दाखवता आला पाहिजे. नऊच्या नऊ. एक जरी राहिलं तरी जुना कागद कायम. पौर्णिमेला किती दिवस आहेत?"

"बारा."

"मग चला."

तट्टावर बसून तो तिच्यासोबत आला. जाताना दीड दिवस लागलेल्या वाटेला येताना तीन दिवस लागले, कारण आखडलेली वाट पंतांसाठी काही आखडेना. उरले नऊ दिवस, आणि ओहळही नऊ.

पहिला ओहळ झिमाबाईचाच. तिनं ओंजळ भरली आणि उभी राहिली. रंगोपंत समोर. हातात तांब्या. तो ओंजळीकडं पाही, तांब्याकडं पाही, मागं वळून आपल्या मुलखाच्या दिशेला पाही. पाणी बोटांतून गळून जाई, झिमाबाई पुन्हा भरी. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी रंगोपंतानं तांब्यातलं पाणी एका झाडाच्या मुळाशी ओतलं, पगडी काढून दगडावर ठेवली, वाकला, आणि तिच्या ओंजळीला तोंड लावून सगळं पाणी प्यायला. वर पाहिलं तेव्हा मिशीवरून पाणी गळत होतं आणि डोळ्यांतूनही.

"गोड आहे हो," तो म्हणाला. "आणि मी मूर्ख तांब्या वाहत होतो!"

मग झिमाबाईनं त्याला नाव सांगितलं. माहेरवाशीण. का? तर वैशाख अर्ध्यावर आला की हा ओहळ वरून दिसेनासा होतो, पण आटत नाही. जमिनीखालून चालत खालच्या उंबरापाशी जातो आणि दोन महिने तिथं राहतो. उंबर हे त्याचं माहेर.

दुसऱ्या दिवशी दुसरा ओहळ, तिसऱ्या दिवशी तिसरा. एका घराची बाई त्याला पाहून दार लावून बसली होती, पण पंत उन्हात अनवाणी उभा राहिलेला पाहून तिलाच कसंसं झालं आणि तिनं दार उघडलं. एका ओहळाचं नाव घोंगडधार, कारण त्याच्या उगमावर इतकं धुकं की अंगावरचं घोंगडं कधी वाळत नाही. एकाचं बाळंतिणीची न्हाणी, कारण थंडीतही पाणी कोमट. सापवाडा म्हणून लिहिलेल्या डोंगराचं नाव कोंबडसाद निघालं. ढगात वाट चुकलास तर या डोंगरावर गप उभा राहा, गावातला कोंबडा ऐकू येईल, त्या दिशेनं उतर. रंगोपंत ऐकायचा, प्यायचा, लिहायचा, आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "वा, वा!" आठ दिवसांत आठ ओंजळी झाल्या.

नववा दिवस धावजीबाबाचा. धावजीबाबा ऐंशीच्या पुढचा. त्याचा ओहळ सगळ्यांत मोठा, साऱ्या खोऱ्याची भातखाचरं त्याच्या जिवावर. त्यानं पंताला पाहिलं आणि एकच सांगितलं, "लेखणी ठिव, मंग पाजतो."

"बाबा, लेखणी ठेवली तर लिहू कशानं?"

"लिवायचं न्हाईच. माझ्या आज्यानं सांगितलंय. कागद भिजतो, जळतो, हरवतो. नाव कागदात गेलं का पानी त्याच्यामागं जातंय. मला पानी घालवायचं न्हाई."

झिमाबाईनं विनवलं, पंतानं हात जोडले, वाड्यावाड्यांतून माणसं येऊन पायांशी बसली. म्हातारा जागचा हलला नाही. तो दुष्ट नव्हता, हे लक्षात घ्या. तो भ्यालेला होता. आणि झिमाबाईलाही त्यानं पाणी दिलं नाही, कारण ती लगेच कारकुनाला सांगणार हे त्याला दिसत होतं.

पौर्णिमेला सकाळी दिवाणसाहेब आले. चाळीस घोडेस्वार, दोन हत्ती, शिकारी कुत्रे. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. पहिल्या ओहळात नुसते धोंडे तापले होते. दिवाण हसले. "आटकी. बरोबर लिहिलंय की."

झिमाबाई पुढं झाली. "न्हाई सायेब. ती माहेराला गेलीय. चला, भेट घालून देते." तिनं सगळा लवाजमा खालच्या उंबरापाशी नेला, एक शिळा बाजूला सारली, आणि खळाळत पाणी वर आलं. चाळीस घोडे प्यायले, दोन हत्ती प्यायले, एका हत्तीनं अंघोळही उरकून घेतली, तरी पाणी बोटभर कमी झालं नाही, असं म्हणतात.

दिवाण हसायचे थांबले. मग दुसरा ओहळ, तिसरा. कोंबडसादवर तर असा ढग उतरला की दिवाणांना आपल्या घोड्याचे कान दिसेनात. झिमाबाईनं सगळ्यांना गप उभं केलं. खालून कोंबडा आरवला. एकदा नाही, दिवाणांचा मान म्हणून पाच वेळा आरवला, असं म्हणतात. त्या आवाजावर सगळे सुखरूप उतरले. उपाशी माळावर कमरेएवढं गवत होतं, त्यात शिकारी कुत्रे हरवले ते शिट्ट्या मारून शोधावे लागले. प्रत्येक ठिकाणी रंगोपंत नवं नाव वाचून दाखवी, दिवाण त्याच्याकडून जुन्या कागदावर एकेक रेघ मारून घेत.

दुपार कलताना सगळे नवव्या ओहळाशी आले. धावजीबाबा काठावर धोंड्यावर बसलेला. सगळं खोरं तिथं जमलं होतं.

दिवाणांनी कागद उचलला. "इथं लिहिलंय, मुकी. खरं नाव काय?"

रंगोपंतानं मान खाली घातली. दिवाणांनी झिमाबाईकडं पाहिलं. "बाई, आठ झाली. नववं सांग म्हणजे हा कागद मी फाडतो. खोरं तुमचं."

आता तुम्हीच सांगा, तिला काय कठीण होतं? हिच्या जिभेवर नावांची खाण! गंगाजळ म्हण, दूधधार म्हण, काहीही म्हण, समोर मोठा ओहळ वाहतोय, दिवाण मान डोलावणार. गर्दीतून लोक डोळ्यांनी खुणावत होते, "सांग की गं, सांग!" तिच्या ओठांवर नाव आलं होतं, अगदी झकास नाव. तिनं ओठ दाबून धरले. साऱ्या खोऱ्याचं घरदार एका बाजूला आणि तिची जीभ दुसऱ्या बाजूला.

"मला ठावं न्हाई, सायेब," ती म्हणाली.

गर्दीतून हाय निघाली.

"ठाऊक नाही? आणि गेल्या वर्षी कसं सांगितलंस?"

"गेल्या साली ठोकून दिलं हुतं. त्यापायीच ही पाळी आली. आता आनखी एक खोटं सांगून म्या खोरं राखनार न्हाई. जायाचं आसंल तर जाईल. पर पान्याचं नाव त्याच्या धन्याकडं हाय, आन त्यानं सांगायचं का न्हाई ती त्याची मर्जी." आणि तिला रडू फुटलं. उभ्या आयुष्यात तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं, तेव्हा लोकही रडायला लागले.

धावजीबाबा उठला. तो चार पावलं पाण्यात गेला, ओंजळ भरली, आणि ती सरळ दिवाणसाहेबांसमोर धरली.

"तुज्या हातात लेखणी न्हाई," तो म्हणाला. "पी."

चोपदार ओरडायला पुढं झाला. पण दिवाणांची नजर रंगोपंताकडं गेली. रंगोपंत हसत होता, आणि त्यानं मान हलवून सांगितलं, प्या, प्या. दिवाण वाकले आणि प्यायले. मग धावजीबाबानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं, आणि नावामागचा अर्थही सांगितला. दिवाणांचा चेहरा आधी गंभीर झाला, मग फुलला, आणि शेवटी ते लहान पोरासारखे खो खो हसत सुटले. त्याच वेळी ओहळाचं पाणी वीतभर चढलं आणि दिवाणांचे जोडे वाहून गेले, असं म्हणतात. ते पुढं कुणाला सापडले नाहीत.

अनवाणी दिवाणांनी जुना कागद फाडला. नव्या कागदावर आठ नावं अर्थांसकट तशीच राहिली. नवव्या जागी त्यांनी आपल्या हातानं लिहिलं, "नाव ऐकलं. अर्थ पटला. खरं आहे." आणि खाली शिक्का मारला.

रंगोपंत पुढं दरसाल खोऱ्यात यायचा, तांब्याशिवाय. झिमाबाईची झिमाई झाली. ती म्हातारी होईस्तोवर खोऱ्यातल्या प्रत्येक लेकराला ओहळाओहळांवर नेऊन नावं आणि अर्थ शिकवीत राहिली. एके दिवशी ती हिरड्याला म्हणून वरच्या कातळाच्या सड्यावर गेली आणि परत आली नाही. वाईट वाटून घेऊ नका. ती डोंगरापलीकडं उतरली आहे, आणि तिकडच्या ओहळांना त्यांची नावं विचारत हिंडते आहे, असं म्हणतात. एकदा बोलायला लागल्यावर तिला वेळेचं भान कुठलं?

आजही वैशाखी पौर्णिमेला आडवळला झिमाईचा दिवस असतो. रंगोपंतांच्या त्या नावनिशीची नवी नक्कल त्या दिवशी गावातली पोरं-पोरी मिळून करतात. वर्षभरात कुणी नवं नाव ठेवलं असेल तर तेही चढवतात, पण अर्थ जागेवर नेऊन दाखवावा लागतो. गेल्या वर्षी एसटीच्या वळणाला 'कंडक्टरची उडी' असं नाव चढलं. कंडक्टरला बोलावून उडी कुठून मारली ते करून दाखवायला लावलं, तेव्हा कुठं लिहिलं. कुणी खोटं नाव सांगताना सापडलं तर त्याला नऊही घरी घागर भरून पोचवावी लागते.

आणि त्या दिवशी कुणी परका राहत नाही. नवी सून असो, शाळेचे मास्तर असोत, वाट चुकलेला कुणी शहरातला गडी असो, त्याला धावजीबाबाच्या ओहळावर नेतात. त्या घरचं जे कुणी असेल ते पाण्यात उतरतं आणि ओंजळ पुढं करतं. पिणारा पितो, मग त्याच्या कानात नाव सांगतात, आणि प्रत्येक जण दिवाणांसारखाच आधी गंभीर होतो आणि मग खो खो हसतो. आतापर्यंत हजारो माणसांना ते नाव ठाऊक झालं आहे. दूर दूरच्या गावांना गेली आहेत ती माणसं, शिकली आहेत, मोठाली बुकं लिहितात. पण ते नाव अजून कुणीही, कुठंही लिहिलेलं नाही.